उलटी छापलेली बाई

माझी नात रेवा परवा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली, तेव्हा माझे दोन्ही हात गोळाभाताच्या बेसनात होते. "आजी, हे बघ, तुझ्या नागपूरचं पोस्टर! विंटेज!" जुनी पोस्टरं विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं पान होतं. कडा कुरतडलेला पिवळा कागद, वर लाल ठसठशीत अक्षरांत 'आधुनिक नृत्य' आणि मधोमध काळ्या ठिपक्यांतून उमटलेली एक बाई. मी हात तसेच धरून चष्म्यातून बघत राहिले. खाली इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं, ते रेवानं मला मराठीत सांगितलं. कुणा अनाम कलावंतानं म्हणे नर्तकीला हेतुपूर्वक उलटं छापून गुरुत्वाकर्षणालाच आव्हान दिलंय. मला असं हसू फुटलं की हातातला गोळा पुन्हा परातीत पडला. "हेतुपूर्वक कसलं डोंबलाचं!" मी म्हटलं. रेवा ती बाई सरळ बघायला म्हणून मोबाइल उलटा करायची, तर आतलं चित्रही फिरून पुन्हा उलटंच उभं राहायचं. चार-पाचदा तिनं करून पाहिलं. म्हटलं, राहू दे बाई, ती कुणाचं ऐकणारी नाही, तेव्हाही नव्हती.

ते पोस्टर माझ्या बाबांनी छापलं होतं. चूक बाबांच्या हातून झाली असं प्रेसमधले लोक म्हणत, आणि ती आपल्या सांगण्यावरून झाली असं माझी सगुणाआत्या समजत होती. तिसरं नाव कधी बाहेर आलं नाही. ते माझं होतं. आता मीच सत्तरी ओलांडली, रागावणारं कुणी उरलं नाही, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही.

आम्ही तांडापेठेतले कोष्टी. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही, असा आमचा हिशेब. मागाला मोठी खोली आणि माणसांना लहान, याचं कुणाला नवल वाटत नसे. सकाळी जाग यायची ती धोट्याच्या आवाजानं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी नळी. तो आपटायचा, मग फणी ठोकायची, मग पायाखालच्या पावड्या. खटक्, धप्प, खटक्, धप्प. हा आवाज थांबला की झोपलेलं माणूस दचकून उठे. मागावर बसायची आत्या. बाबांची ती थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच परत आली होती. का, ते आमच्याकडे कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे. काळीसावळी, उंच, कपाळावर मोठं गोंदण. कापडाच्या बाबतीत अख्ख्या पेठेत तिचा शब्द शेवटचा होता. डोळे मिटून काठ चाचपायची आणि कुणाच्या मागावरचं लुगडं आहे ते सांगायची. बायका लग्नाचं कापड घेऊन आधी आमच्या दारात यायच्या. आत्या नुसतं 'हूं' म्हणाली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मागाचे नियम कडक होते. मागाला पाय लावायचा नाही, ताणा, म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे धागे, ओलांडायचा नाही, चुकून लागलाच तर हात लावून तो कपाळाला न्यायचा. मी लहान असताना एकदा मागाच्या चौकटीला लोंबकळले, तर आत्यानं दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मार परवडला असता. आत्याचा अबोला म्हणजे घरातल्या घरात वाळीत पडणं.

बाबांनी माग सोडला होता. आमच्या घराण्यातलं हे पहिलंच पाऊल, आणि त्यावर पेठेत बरीच कुजबुज झाली. ते सदरमधल्या एका छापखान्यात लागले होते, पण कच्चे. वर्ष उलटून गेलं तरी मालक 'पुढं बघू' म्हणायचे. पक्का मशीनमन झालो तरच शालूला मॅट्रिकपर्यंत शिकवू, नाहीतर पुन्हा माग, आणि तिच्या हातात सुताच्या कांड्या भरायचा चरखा, असं बाबा आईला सांगत. शालू म्हणजे मी, तेव्हा सातवीत. हे बोलणं मी पांघरुणातून कितीदा ऐकलं होतं. त्यामुळं बाबांचा पक्केपणा ही मला माझीच परीक्षा वाटायची.

अशात ते काम आलं. परदेशातली एक नाचाची कंपनी गावोगाव फिरत नागपूरला येणार होती. मालक म्हणाले, हे पोस्टर नीट निघालं तर तू पक्का. चित्राचा ब्लॉक मुंबईहून आला. म्हणजे लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर फोटो बारीक ठिपक्यांत कोरलेला. वर कुठलं नि खाली कुठलं, याची खूण पाठवणाऱ्यानं केली नव्हती. बाबांनी एक ठसा काढला आणि संध्याकाळी घरी आणला, कारण त्यांना काही केल्या ती बाई लागेना.

त्या संध्याकाळी आमच्याकडे पाटवडीचा रस्सा होता. भिवापुरी मिरचीचा ठसका नाकात, चुलीपुढं आम्ही पाचही जण, म्हणजे आई, बाबा, आत्या, मी आणि रांगता भाऊ, आणि मधे तो कागद. पाटवड्या रश्श्यात विरघळायला लागल्या तरी कुणाचं लक्ष नाही. चित्रात एक लांबरुंद कापड होतं आणि त्यातून निघालेलं एक अंग. एका टोकाला काहीतरी जुळलेलं निमुळतं, दुसऱ्या टोकाला कापडातून डोकावणारं काहीतरी तसंच. हात कुठले, पाय कुठले? तोंड तर दिसतच नव्हतं. बाबा कागद असा फिरवत, तसा फिरवत.

"आंघोळ करून लुगडं वाळवून राहिली असन," आई म्हणाली.

"नाच हाये तो," बाबा म्हणाले.

"मंग घुंगरू कुठी हायेत?"

बाबांनी कागद पुन्हा फिरवला. आत्या इतका वेळ जेवत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद चिमणीजवळ नेला. बाईकडे तिनं पाहिलंच नाही, फक्त कापड बघितलं. बोटानं त्याच्या चुण्या वरून खाली मोजल्यासारख्या केल्या.

"नारायण, माणूस उलटं उभं राह्यते, कापड नाई राह्यत. कापड नेहमी खालीच पडते गा. ह्या चुण्या जिकडं पडून राहिल्या, ते खालतं. बाई हात जोडून उभी हाये, देवापुढं."

तिनं कागद तसा धरला, आणि खरंच! क्षणात सगळ्यांना बाई दिसली. जुळलेलं टोक म्हणजे वर जोडलेले हात, कमरेपासून घोळदार लुगडं खाली आणि त्याखालून डोकावणारी पावलं. आईनं नकळत हात जोडले. बाबांचा चेहरा असा खुलला की त्यांनी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. मला मात्र एक गोष्ट खटकली. त्या 'जोडलेल्या हातां'ना मला टाच दिसत होती. पण आत्या बोलून चुकली होती. आत्या बोलल्यावर आमच्या घरात कोर्ट बंद व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकलवर गेले, आत्या सूत आणायला विणकरांच्या सोसायटीत गेली, आई पाण्याच्या रांगेत. माझी शाळा दुपारची. ती टाच माझ्या डोक्यातून जाईना. मी आईचं जुनं लुगडं कमरेला बांधलं आणि अंगणात उड्या मारून पाहिल्या. जमिनीवरून मारलेल्या उडीत काही कळत नव्हतं, पाय लगेच टेकत. उंची पाहिजे होती. घरात उंच एकच वस्तू होती. मी मागाच्या चौकटीवर चढले, वरच्या आडव्या फळीवर उभी राहिले, अंगणातल्या चिखलाच्या पायांनी. खाली आत्याचा पांढराशुभ्र ताणा. मी बाजूच्या मोकळ्या जमिनीवर उडी घेतली, आणि खाली येता येता आईचं लुगडं भस्सकन वर आलं. छाती, तोंड, डोळे सगळं त्यात गुरफटलं. डोळ्यांपुढं नुसतं कापड! मी धप्पकन आपटले आणि आपटल्या जागी मला ती बाई कळली. ती उभी नव्हती. ती वरून खाली येत होती, म्हणून तिचं कापड वर गेलं होतं, आणि म्हणून तिला तोंड नव्हतं.

त्या क्षणी मला इतका आनंद झाला! पुढं मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, नववीच्या मुलींना पडणाऱ्या वस्तू शिकवताना दरवर्षी ओढणी बांधून टेबलावरून उडी मारली, मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्ली. पण त्या सकाळचा आनंद पुन्हा नाही मिळाला. तो टिकलाही थोडाच वेळ. उठून पाहते तर उडी घेताना एक पाय ताण्याला घासून गेला होता. चार-पाच धागे तुटून लोंबत होते आणि पांढऱ्या सुतावर चिखलाचा अर्धा पंजा उमटला होता.

मशीन दुपारी सुरू होणार होतं. सदर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. पळत गेले असते तर पोचले असते. पण बाबा विचारणार, तुले कसं समजलं? मग उडी, मग माग, मग आत्या. मी धागे जमतील तशा गाठी मारून जोडले, पंजा ओल्या फडक्यानं पुसला आणि शाळेत निघून गेले. स्पष्टच लिहिते, मी भित्री होते. बापाच्या नोकरीपुढं मला आत्याचा अबोला मोठा वाटला.

पोस्टरं लागली. आठवडाभर ती उलटी बाई नागपूरच्या भिंतींवर होती आणि एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस तर प्रेसमध्ये येऊन 'काय भक्तिभाव आहे!' म्हणून गेले. मला वाटू लागलं, निभावलं. मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन गेले, तर प्रेसच्या दारात एक गोरी, उंच, अनवाणी बाई मान पार खांद्यावर वाकडी करून भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होती. तीच ती. चिटणीस घाम पुसत होते, मालक आत बाबांवर तुटून पडले होते.

"ठसा घरी नेला होतास ना? कोणाच्या अकलेनं लावला हा ब्लॉक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "माह्याच अकलेनं लावला, मालक. कोणाले नाई दाखवला."

"उद्या संध्याकाळच्या आत एकूण एक भिंतीवर हे चित्र सरळ झालं पाहिजे. एक जरी उलटं दिसलं, तरी परवापासून येऊ नकोस."

नवं पोस्टर छापायला कागद नव्हता. बाबांनी ब्लॉक फिरवून उरलेल्या तुकड्यांवर नुसतं चित्र छापायला घेतलं. चित्रावर चित्र चिकटवायचं ठरलं. चिकटवायला खळ लागणार होती, आणि घरी ताण्याला लावायला खळ शिजायचीच, म्हणून त्यांनी मला घरी पिटाळलं. मी आत्याला सगळं सांगितलं, म्हणजे सांगता येण्यासारखं होतं तेवढं. तिचा पाय पावडीवर थांबला.

"माह्यामुळं झालं," ती म्हणाली.

"बाबांनी तुझं नाव नाही सांगितलं."

"म्हनूनच म्हनतो ना, माह्यामुळं झालं."

तिनं धोटा काढून बाजूला ठेवला. भर दुपारी आमचा माग बंद पडला, असं मी पहिल्यांदा पाहिलं. मोठ्या गंजात तिनं खळ शिजवली, गुठळी होऊ न देता ढवळत राहिली. त्याच दुपारी शेजारची एक बाई लेकीच्या लग्नाचं लुगडं दाखवायला आली, तर आत्या म्हणाली, "मले काय समजते वं कापडातलं? दुसऱ्याले दाखव." मी चुलीमागं उभी होते. बाबांवर मालक ओरडले तेव्हा मला रडू आलं नव्हतं, ते आता आलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. पुढं बाबा, मागं कॅरिअरवर मी, माझ्या मांडीवर खळीचा डबा. स्टेशन, सीताबर्डी, सदर, धरमपेठ. मी खळ फासायची, बाबा तुकडा बसवून तळहातानं मधून कडेला दाबत न्यायचे. प्रत्येक भिंतीपाशी मी ठरवायची, आता सांगायचं. प्रत्येक भिंतीपाशी नुसती खळ फासून पुढं व्हायची. धरमपेठेत एक पानवाला ठेल्यावरून म्हणाला, "काहून बदलवून राहिले भाऊ? अच्छी तो थी!" बाबा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मला धीर आला, मी "बाबा..." म्हटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "तुह्या आत्याले बोलू नको काही. तिच्या मनाले लय लागलं हाये." मी पुन्हा डब्यात ब्रश बुडवला. उन्हं कलायच्या आत भिंती संपल्या. मालक स्वतः टांग्यातून फिरून आले आणि 'उद्या ये' एवढंच म्हणाले. पावसाळ्यानंतर त्यांनी बाबांना पक्कं केलं, ते मागाहून. एक पोस्टर मात्र कुठंतरी सुटलं असणार. रेवाच्या मोबाइलमधलं तेच, कुण्या शहाण्यानं आधीच भिंतीवरून उचकटून नेलेलं.

चिटणिसांनी कसे कोण जाणे, तीन पास दिले. आई म्हणाली, मले नाई पाहायच्या कोणाच्या उघड्या टांगा. बाबा, मी आणि आत्या गेलो. आत्या यायला तयार नव्हती. बाबांनी तिच्या वहाणाच तिच्यापुढं आणून ठेवल्या, तेव्हा उठली. आयुष्यात थेटरात कधी न गेलेली बाई, खुर्चीच्या काठावर बसली, मागावर बसते तशी, पाठ ताठ. तबला नाही, पेटी नाही. कितीतरी वेळ नुसते पायांचे आवाज लाकडी फळ्यांवर. लोक चुळबुळ करायला लागले, मागचा एक जण उठून गेला. आत्याचा पाय मात्र लुगड्याखाली हलत होता, त्या आवाजाबरोबर. मग ती गोरी बाई आली, कमरेला ते लांबरुंद कापड. एका उंच चौथऱ्यावर चढली, पाठ मागं वाकवली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन जुळवले आणि सुटली. कापड वर उसळलं, तिचं तोंड झाकलं गेलं, आणि ती खाली आली.

"बापा!" आत्या सगळ्या थेटराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "कापड खोटं नोहतं बोललं गा, नारायण! बाईच पडून राहिली होती, अन् मी तिले उभी समजली!"

पुढच्या रांगेतल्यांनी वळून 'शूः' केलं. आत्याला त्याचं काही नव्हतं. तिचा चेहरा मंचाच्या उजेडात असा दिसत होता की मला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या पायांवर गेली. मग माझ्या कानाशी आली.

"माह्या ताण्याले चिखलाचा पंजा होता त्या दिवशी. पाच गाठी होत्या, गाढवावानी मारलेल्या. मी म्हटलं, खेळली असन पोरगी, जाऊ दे." मग विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी मान हलवली. होय म्हणून.

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू बोलली नसतीस माझ्याशी."

आत्या समोर बघायला लागली. कार्यक्रम संपेपर्यंत आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी समजले, सुरू झाला अबोला, आणि या वेळी तो दिवसावर भागणार नाही. बाबांना तिनं तेव्हाही काही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. बाबा गेले तोवर त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी जाग आली ती धोट्याच्या आवाजानं नाही, तर आवाज नाही म्हणून. पुढच्या खोलीत आत्या मागाशेजारी उभी होती. ताण्यावर तिनं गोधडी अंथरून तो झाकला होता. तिच्या हातात एक नवं लुगडं होतं, मागावरून नुकतंच उतरवलेलं, लाल काठाचं. नव्या लुगड्याची घडी आमच्याकडे घरचं माणूस मोडत नाही, तो मान विकत घेणारणीचा. आत्यानं ती घडी माझ्यासमोर झटकून मोडली, लुगडं माझ्या कमरेला गुंडाळलं आणि गाठ घट्ट केली. मग मागाला हात लावून तो कपाळाला नेला.

"चढ," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. "मागावर?"

"मंग काय छपरावर? चढ. मले पाहू दे."

मी फळीवर चढले. काठाशी सरकले. खाली आत्या हात कमरेवर ठेवून उभी, नजर माझ्याकडे नाही, लुगड्याच्या काठाकडे. मी उडी घेतली. लाल काठ भस्सकन वर आला, डोळे, तोंड, सगळं झाकून गेला. नव्या सुताचा आणि खळीचा वास माझ्या नाकात भरला. मी जमिनीवर टेकले आणि तशीच गुरफटलेली उभी राहिले. आत्या रागावली होती का हसत होती, मला काही दिसत नव्हतं. फक्त तिचा आवाज आला, अगदी जवळून.

"अजून एकदा मार वं, शालू."